हे सगळं बांधतं कोण?

आमच्या अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, उभ्या आयुष्यात बियर तोंडाला लावलेली नाही. गळ्यात तुळशीची माळ, एकादशी कडक, आणि असल्या माणसाला मी प्रागहून उचलून नेलं ते कुठं तर हॉप्सच्या गावाला, म्हणजे बियरला जो कडवटपणा आणि वास असतो तो ज्या फुलांमुळे येतो त्या फुलांच्या गावाला. मैत्रिणींनी वेड्यात काढलं. अगं कार्लोव्ही व्हारी दाखव, चेस्की क्रुमलोव्ह दाखव, आईवडील आले की सगळे तिथंच नेतात ना. तर ते पण दाखवून झालं होतं. चार्ल्स ब्रिज झाला, किल्ला झाला, त्या जुन्या घड्याळाखाली गर्दीत उभं राहून फोटो झाले, आणि मग अण्णा गप्प झाले. ते कंटाळले की तक्रार करत नाहीत, नुसते गप्प होतात, आणि ते जास्त अवघड असतं. शेवटी एका संध्याकाळी म्हणाले, "एवढ्या लांब आलो, पण हितली शेती काय नदरं पडली नाय गं. ही माणसं खात्यात काय?"

मग ठरलं. झातेत्स.

प्रागच्या वायव्येला साधारण ८० किलोमीटर, बसने दीड तास धरा. ओहर्झे नावाच्या नदीकाठी टेकाडावर वसलेलं, विसेक हजार वस्तीचं गाव. बियर बनवणाऱ्या जगात त्याचं जर्मन नाव चालतं, साझ. पुण्याबंगलोरच्या क्राफ्ट बियरवाल्यांना विचारा, साझ हॉप्स म्हटलं की लगेच मान डोलावतील, पण ते साझ म्हणजे एक खरंखुरं गाव आहे आणि तिथं रविवारी दुपारी साधी कॉफी मिळायची मारामार आहे हे त्यांतल्या फार थोड्यांना माहीत असेल. मी त्याआधी मे महिन्यात ऑफिसच्या ग्रुपबरोबर सायकली घेऊन गेले होते तेव्हाच डोक्यात आलं होतं की हे अण्णांना दाखवायला पाहिजे. कारण आमचं गाव मिरजेच्या पूर्वेला, पानमळ्यांच्या पट्ट्यात. नरवाड, बेडग, आरग ही नावं पानाच्या धंद्यातल्या लोकांना माहीत असतात. आमचाही पानमळा होता, माझ्या लहानपणी. आता तिथं ऊस आहे. का आहे ते पुढं येईलच.

बस लोउनीच्या बाजूने आत शिरते तसा मुलूख कोरडा होत जातो. उत्तरेला डोंगर आहेत, ते पाऊस अडवतात, त्यामुळे झातेत्सला वर्षाचा पाऊस ४५० मिलिमीटरच्या आसपासच. युरोप म्हटलं की आपल्याला सगळीकडे हिरवंगार आणि भिजट वाटतं, तर हा भाग तसा नाही, माती तांबडी आणि ऑगस्टअखेरीला गवत पार वाळलेलं. अण्णा खिडकीला नाक लावून. पर्जन्यछाया असं मी म्हटलं तर म्हणाले, "मग आपल्या दुष्काळी जतसारखंच की." आणि तेवढ्यात पहिला मळा आला.

तो पहिल्यांदा बघितला की माणूस जरा दचकतोच. सात मीटर उंच खांब, त्यांच्या माथ्यावरून तारांचं जाळं, त्या जाळ्यापासून जमिनीपर्यंत सोडलेल्या तारा, आणि प्रत्येक तारेवर खालपासून वरपर्यंत चढलेली वेल. रांगाच्या रांगा. आत बघितलं तर हिरवा अंधार. अण्णा सीटवरून अर्धे उठले. "अगं हा तर पानमळाच हाय!" एवढ्या जोरात म्हणाले की पुढच्या आजीबाई वळून बघायला लागल्या. मग दोन मिनिटांनी स्वतःच दुरुस्ती, "पण सावली कशाची न्हाय. शेवरी नाय, पांगारा नाय, नुसती तार. आणि एवढं उंच! हे बांधतं कोण?"

हा प्रश्न त्यांनी त्या दिवसात मला इतक्या वेळा विचारला की शेवटी मला पण वाटायला लागलं की या गावाबद्दल विचारण्यासारखा खरा प्रश्न हाच आहे.

गावाच्या अलीकडेच उतरलो, कारण त्यांना आधी मळा बघायचा होता, गाव नंतर. हंगाम चालू होता. ऑगस्टच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत तोडणी चालते, अर्धे मळे रिकामे झाले होते, नुसते खांब उभे, आणि उरलेल्या अर्ध्यांत ट्रॅक्टर. इथं फुलं वेलीवर तोडत नाहीत. वेल खाली बुडाशी कापतात, वरून तारेसकट ओढतात, ती ट्रॉलीत पडते, आणि अख्खी वेल शेडमधल्या मशीनपाशी नेऊन आकड्याला लटकवतात, मशीन तिची फुलं ओरबाडून काढतं. रस्त्यावर ट्रॉलीतून पडलेल्या फांद्या सगळीकडे. अण्णांनी एक उचलली. बोटाच्या पेराएवढी फिकट हिरवी बोंडं, एकावर एक पाकळ्या रचलेली, हातात घेतली तर कागदासारखी हलकी. त्यांनी एक बोंड मधोमध उभं फाडलं, आत पाकळ्यांच्या बुडाला पिवळी पूड. तळव्यावर चोळली. चिकट. मग वास घेतला, आणि मग माझी नजर चुकवून जीभ लावली. चेहरा असा झाला की मी फोटो काढायचा विसरले. "कडू जहर! आणि ह्याच्यासाठी एवढा खटाटोप?"

ती पिवळी पूड हेच पीक. लुप्युलिन म्हणतात तिला, राळ आणि तेल दोन्ही त्यात. बाकी पाकळ्या, पानं, वेल, सगळा पसारा त्या पुडीसाठी. आणि ती फक्त मादी वेलीला धरते. नर वेल मळ्यात ठेवतच नाहीत, आसपासच्या झाडोऱ्यात सापडली तरी काढून टाकतात, कारण परागीकरण झालं की बी धरतं आणि बियरवाल्यांना बी नको असतं. हे सांगितल्यावर अण्णा एवढे हसले की ठसका लागला.

शेडपाशी एक माणूस सिगरेट ओढत उभा होता, पन्नाशीचा असेल, त्याच्याशी मी माझ्या तोडक्यामोडक्या झेकमध्ये बोलायला लागले. वडील शेतकरी आहेत, इंडियातून आलेत, बघू का. तो आधी नको म्हणाला, काम चालू आहे, मशीन आहे, मग अण्णांच्या हातांकडे बघून म्हणाला या. खरंच हातांकडे बघितलं त्याने. आत एवढा आवाज की बोलणं शक्यच नव्हतं. मागच्या बाजूला वाळवण्याची खोली, तिथून जो वास येत होता तो मला अजून नीट सांगता येत नाही, गवत, मिरी, कुठंतरी लिंबाची साल, आणि सगळ्याखाली एक गुंगी. ओल्या बोंडांत तीन चतुर्थांशाहून जास्त पाणीच असतं, ते ५५ अंशांच्या आसपास सहा ते आठ तास वाळवून दहा टक्क्यांवर आणायचं. जास्त तापवलं तर सुगंधी तेल उडून जातं, कमी वाळवलं तर पोत्यात बुरशी. म्हणजे सगळं कसब तिथं. झातेत्सच्या जुन्या घरांची छपरं बघा, त्यांना लहान लहान झरोक्यांच्या रांगा असतात, एकावर एक. पूर्वी घराच्या माळ्यावरच हॉप्स पसरून वाळवायचे, हवा खेळती राहावी म्हणून ते झरोके. मी मेमध्ये ते नक्षी समजून फोटो काढले होते.

बाहेर आल्यावर अण्णांनी हाताने विचारलं, बांधता कसं? आणि त्या माणसाने दाखवलं. रांगेच्या कडेला उशिरा फुटलेला एक कोंब होता, तो घेतला, तारेला लावला आणि घड्याळाच्या काट्याच्या दिशेने दोन वेढे दिले. मग मुद्दाम उलटे दिले, आणि मान हलवली. उलटी गुंडाळली तर वेल स्वतःच सुटून येते, ऐकतच नाही. तिच्या देठाला बारीक आकड्यांसारखे केस असतात, त्यांनी ती तारेला धरून चढते, आणि ऐन जोरात असते तेव्हा दिवसाला ३० सेंटिमीटरपर्यंत वाढते. अण्णांनी देठावरून उलटा अंगठा फिरवला आणि "स्स" केलं. कामगारांच्या हातांवर कोपरापर्यंत लाल ओरखडे होते ते कशाचे हे तेव्हा कळलं. "आपली पानवेल बरी," ते मला म्हणाले, "गाठीला मुळं फुटून चिकटती, पण बिचारीला वरचेवर बांधावं लागतं. ही रानटी हाय, हिला फकस्त वाट दाखवायची."

पण वाट दाखवायची म्हणजे किती? एका हेक्टरात तीन हजारांच्या आसपास रोपं. प्रत्येक रोपाला दोन तारा, त्या दरवर्षी नव्या, मार्च-एप्रिलमध्ये वर जाळ्याला अडकवायच्या आणि खालचं टोक जमिनीत खुपसायचं. मग मेमध्ये प्रत्येक रोपाला भसाभस कोंब फुटतात, त्यांतले एकेका तारेला दोनतीन निवडून गुंडाळायचे, बाकीचे काढून टाकायचे. हे सगळं वाकून, हाताने. तोडणीला मशीन आलं, वाळवायला आलं, पण कोंब गुंडाळायला अजून माणसाचं बोटच लागतं. अण्णांनी तिथल्या तिथं हिशोब केला, "एकरी अडीच हजार तारा. आणि माणसं कुठली?"

त्या शेडमध्ये मी जेवढ्यांशी बोलले त्यांत झातेत्सचं कुणी नव्हतं. युक्रेनचे होते, रोमानियाचे होते, दोघं स्लोव्हाकियाकडचे. तो सिगरेटवाला सुद्धा बाहेरचाच, पण बऱ्याच वर्षांपासून येतोय.

मग गावात गेलो. आणि गाव शांत म्हणजे किती शांत! बाहेर मळ्यात एवढी धावपळ, आणि आत चौकात आम्ही दोघं, एक कुत्रं, आणि बेंचवर एक पेन्शनर. चौकाच्या भोवती कमानींची घरं, मध्ये प्लेगनंतर उभारतात तसा देवदेवतांचा खांब, टाउन हॉल, आणि टाउन हॉलसमोर जगातला सगळ्यात छोटा हॉप्सचा मळा असं कौतुकाने दाखवतात तो, म्हणजे कुंपणात चार खांब आणि त्यावर वेली. अण्णा त्याला प्रदक्षिणा घातल्यासारखे फिरले. "ही कुणी तोडत नाय वाटतं." तर ती तोडतात, सप्टेंबरच्या पहिल्या वीकेंडला तोडणीचा उत्सव असतो, दोचेस्ना म्हणतात, तेव्हा या चौकात पाय ठेवायला जागा नसते म्हणे. आम्ही त्याच्या आधी गेलो होतो. मला तेच बरं वाटलं, गर्दीचं गाव बघायला मला आवडत नाही, आणि अण्णांना घेऊन बियरच्या जत्रेत, ते जरा अतीच झालं असतं.

चौकातून खाली प्रागच्या बाजूच्या उपनगरात गेलं की खरं झातेत्स दिसतं. विटांची गोदामं, चार चार मजली, आणि उंच धुराडी. कारखाने असतील असं वाटतं, पण ही सगळी हॉप्सची गोदामं. इथं हॉप्स आणून गंधकाची धुरी द्यायचे म्हणजे लांबच्या प्रवासात खराब होऊ नयेत, मग दाबून पोती भरायची, सरकारी शिक्का मारायचा, आणि जगभर पाठवायची. शिक्का महत्त्वाचा, कारण झातेत्सच्या नावाखाली कुठलेही हॉप्स खपवणारे तेव्हाही होतेच. सांगतात की चौदाव्या शतकात चौथ्या कार्ल राजाने इथली रोपं देशाबाहेर न्यायला बंदीच घातली होती. आता ही गोदामं, जुना चौक आणि जवळच्या स्तेक्नीक गावचा वाडा आणि त्याच्या खालचे मळे, असं सगळं मिळून सप्टेंबर २०२३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेलं. त्यामुळे काही गोदामांना नवा रंग लागलाय. बऱ्याच ठिकाणी मात्र काचा फुटलेल्या आणि आत कबुतरं. हॉप्सचं म्युझियम अशाच जुन्या गोदामांत आहे, जगातलं सगळ्यात मोठं असं ते म्हणतात, आणि ते खरंच मोठं आहे, मी पाय दुखून बसले, अण्णा प्रत्येक अवजारापाशी थांबत होते. समोरच एक टॉवरबिवर असलेलं टुरिस्ट सेंटर आहे, त्याचं नावच हॉप्स आणि बियरचं मंदिर. अण्णा बाहेरच्या बाकावर बसले, आत गेले नाहीत, चपला काढायच्या का एवढंच विचारलं.

आता ती माणसांची गोष्ट.

शंभर वर्षांपूर्वी इथं बहुसंख्य लोक जर्मन बोलणारे. शेतकरी जर्मन, आणि हॉप्सच्या व्यापारात ज्यू घराणी बरीच. चौकापासून जवळच त्यांचं सिनगॉग आहे, १८७२ चं, केवढं तरी मोठं, व्यापारात काय पैसा होता ते त्याच्याकडे बघूनच कळतं. १९३८ च्या ऑक्टोबरात हा सगळा पट्टा हिटलरने घेतला आणि नोव्हेंबरात ते सिनगॉग आतून जाळलं गेलं. ज्यू माणसं पळाली, प्रागकडे गेली, त्यांतली बरीच पुढं छावण्यांत मेली. युद्ध संपलं आणि पारडं फिरलं. ३ जून १९४५ ला झेक सैन्याने झातेत्समधल्या जर्मन पुरुषांना याच चौकात गोळा केलं, मी आणि अण्णा जिथं छोटा मळा बघत होतो त्याच चौकात, आणि हजारोंना शेजारच्या पोस्तोलोप्रती गावाकडे चालवत नेलं. त्यांतले सगळे परत आले नाहीत. १९४७ मध्ये तिथं खड्डे उकरले तेव्हा ७६३ मृतदेह निघाले. पोस्तोलोप्रतीत स्मृतिफलक लागायला २०१० उजाडलं. बाकीच्या जर्मनांना घरदार सोडून जर्मनीत पाठवलं, हॉप्समधल्या काही जाणकारांना तेवढं थोडे दिवस थांबवून घेतलं, कारण पीक उभं होतं आणि ते करायचं कसं हे माहीत असलेली माणसं तीच होती.

मी हे सगळं अण्णांना बेंचवर बसून सांगितलं. आमच्याकडे फाळणीच्या गोष्टी पुस्तकातून आलेल्या, घरातून नाही, त्यामुळे त्यांना हे एकदम नवीन होतं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग विचारलं, "आन् मग त्या वर्षी तोडणी कुणी केली?"

कुणी केली याचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नव्हतं, पण पुढं कोण आलं ते माहीत होतं, आणि मला या गावाच्या इतिहासातला तो भाग सगळ्यात जास्त धरून ठेवतो. १८६०-७० च्या दशकांत हजारो झेक कुटुंबं जमीन मिळते म्हणून रशियन साम्राज्यातल्या व्होलिन प्रांतात गेली होती, आत्ताचं पश्चिम युक्रेन. जाताना हॉप्सची विद्या घेऊन गेली, तिथं मळे लावले. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी त्यांची पोरं सोव्हिएत बाजूच्या झेकोस्लोव्हाक सैन्यात लढत परत आली, आणि १९४५ ते ४७ मध्ये घरचे पण मागोमाग आले, त्यांतल्या बऱ्याच जणांना नेमकं झातेत्सच्या आसपास वसवलं. रिकाम्या झालेल्या जर्मन घरांत. म्हणजे विचार करा, पणजोबांनी नेलेली विद्या पणतू परत घेऊन येतोय आणि ज्या मळ्यात ती वापरायची तो दुसऱ्याच कुणाच्या पणजोबाने लावलेला. मी याला न्याय म्हणू का अन्याय मला कळत नाही, आणि झातेत्समध्ये ज्या थोड्या लोकांशी बोलले त्यांनाही हा प्रश्न कुणी विचारलेला आवडत नाही असं माझं मत झालं.

तेवढ्याने पण माणसं पुरली नाहीत. मग कम्युनिस्ट काळात शाळाकॉलेजची पोरं. माझ्या ऑफिसात एक सिनियर बाई आहेत, त्या ऐंशीच्या दशकात जायच्या. दरवर्षी ऑगस्ट संपता संपता अख्खा वर्ग बसमध्ये भरून हॉप्सला, जायचंच, हो-नाही विचारत नसत. बराकीत झोपायचं, पहाटेचं धुकं, ओल्या वेली अंगावर, त्यांच्याही आधी, हाताने तोडायचे तेव्हा, एक टोपलीचं माप भरलं की चिठ्ठी मिळायची, चिठ्ठ्या मोजून पैसे. त्या हे सांगताना एकीकडे शिव्या घालत होत्या आणि एकीकडे हसत होत्या, कारण पहिली सिगरेट, पहिलं प्रेम, सगळं तिथंच. या पोरांवर १९६४ मध्ये एक म्युझिकल सिनेमा पण आला, तो आजही इथं टीव्हीवर लागतो आणि सगळ्यांना गाणी पाठ असतात. पण सक्तीच्या मजुरीला गोड चाल लावली की ती पुढच्या पिढ्यांना सहल वाटते, हे माझं आपलं मत, त्या बाईंना पटलं नाही.

१९८९ नंतर सक्ती गेली, पोरं हळूहळू यायची थांबली. मग बाहेरदेशची माणसं आली. आणि वेल मात्र तीच. झातेत्सची म्हणून जी जात आहे, तांबूस देठाची, ती इथं शतकानुशतकं आहे, आणि १९२० च्या दशकापासून कारेल ओस्वाल्ड नावाच्या शास्त्रज्ञाने जुन्या मळ्यांतून चांगल्या वेली निवडून त्यांचे क्लोन तयार केले, ३१, ७२ आणि ११४ नंबरचे, तेच आजपर्यंत लावतात. झेक देशातले चार-पंचमांशाच्या आसपास हॉप्स ही एकच जात. अण्णांना क्लोन शब्द कळायला वेळ लागला नाही. "म्हंजे बेणं. पानवेलीचं पण तसंच की, फाटा लावायचा. मूळची वेल मेलीच नाय मग, नुसती सरकत आली." एका मुळीला वीस वर्षं काही होत नाही. या मळ्यांतल्या काही मुळ्यांनी सिगरेटवाल्याच्या आधीचे कामगार पण बघितले असतील.

पण वेल आता थकल्यासारखी आहे. दोष हवेचा. २०२१ मध्ये झेक देशात हॉप्सचं पीक ८ हजार टनांच्या वर गेलं, आणि पुढच्याच वर्षी उन्हाळा तापला, पाऊस रुसला, तर साडेचार हजारांवर आलं. युरोपातल्या हॉप्सवर २०२३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात असं निघालं की १९९४ च्या आधीच्या मानाने पीक आता वीसेक दिवस लवकर तयार होतंय, आणि २०५० पर्यंत उत्पादन ४ ते १८ टक्के आणि कडवटपणा देणारी आम्लं २० ते ३१ टक्के घटू शकतात. झातेत्सच्या हॉप्समध्ये ती आम्लं मुळातच कमी, तीनचार टक्के, त्यांची किंमत कडवटपणाला नसून वासाला आहे. तरी घट ती घटच. ठिबक आलंय, नवीन जाती येतायत. अण्णांना ठिबकच्या नळ्या वर तारांच्या जाळ्यावर टांगलेल्या दिसल्या त्याचं फारच आश्चर्य वाटलं, "पाणी वरनं सोडत्यात? बुडाला सोडाय काय झालं?" मला माहीत नव्हतं. मशागतीला ट्रॅक्टर आडवा-तिडवा जायला खाली मोकळं लागत असेल असं ते स्वतःच म्हणाले.

आमचा पानमळा गेला तो पाण्यामुळे नाही. पाणी होतं. वेल बांधणारे आणि पानं खुडणारे मिळेनासे झाले. जी चार घरं पिढ्यानपिढ्या ते काम करायची त्यांची पोरं एमआयडीसीत गेली, आणि का जाऊ नयेत? मी पण गेलेच ना, प्रागला. पानमळ्याचं काम म्हणजे रोज, बारा महिने, वाकून आणि शिडीवर चढून, ओलीत. ऊस लावला की मुकादम टोळी आणतो आणि प्रश्न मिटतो. ती टोळी बीड-जालन्याकडून येते, पाच-सहा महिने पालात राहते, आणि त्यांची नावं आम्हाला कधी माहीत नसतात. अण्णांना शेडमधले ते युक्रेनियन पोरगे बघून काय आठवलं ते मी विचारलं नाही, पण निघताना त्यांनी पिशवीतले शेंगदाण्याचे लाडू काढून त्या सगळ्यांना वाटले, आईने माझ्यासाठी दिलेले, सगळे. मला एक ठेवला.

परतीच्या बसमध्ये त्यांनी गावाकडच्या तात्यांना फोन लावला. तिकडे रात्रीचे दहा वाजून गेलेले, पण ते ऐकतात थोडेच. अख्खी बस शांत, झेक माणूस बसमध्ये कुजबुजतो, आणि आमचे अण्णा मळ्यातून हाक मारावी त्या पट्टीत. "तात्या! अरं पानमळाच हाय, पर सात मीटर! ... न्हाय न्हाय, पान नाय, बोंडं. कडू. ... आन् सगळ्या माद्याच, नर एक ठिवत नाहीत! ... व्हय! ... तार दरसाल नवी. ... वेल हातानंच गुंडाळत्यात अजून, मशीन नाय निघालं त्याला." मग पलीकडून तात्यांनी काहीतरी विचारलं, अण्णा दोन सेकंद थांबले, आणि फोन माझ्या हातात दिला. "रोज किती देत्यात म्हणतोय. तूच सांग, तू विचारलंय न्हवं?"

विचारलं होतं. तासाचा आकडा सांगितला, त्याचे रुपये करून सांगितले. तात्या म्हणाले, "एवढं? मग राहण्याचं बघायला सांग की, आमच्या दोन पोरांचं."